बिननावाचा बाजा

मालवणी खाजा विकणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलावे लागतात. गूळ कसला, आलं किती घातलंय, मुंबईला पोचेपर्यंत मऊ पडेल का, हे सगळं सांगितल्याशिवाय कोणी पाव किलोसुद्धा बांधून घेत नाही. आणि माझ्या शेजारच्या दुकानात ही बया माऊथ ऑर्गन वाजवत बसायची. मी इकडे घसा फोडून आल्याचं कौतुक सांगतेय आणि गिऱ्हाईक मान वळवून तिकडे बघत उभं. पहिल्या दोन-तीन जत्रांत मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही. नंतर बोलायला लागले ती भांडायला, आणि भांडता भांडता जीव कधी लागला ते कळलं नाही. आमचं असंच असतं.

जहिरा मालवणची. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं घर, नवऱ्याचा सुक्या मासळीचा धंदा, मुलगी तुबा कुडाळला बँकेत. घरी बसून खायला काही कमी नव्हतं. पण दिवाळी सरली आणि जत्रा सुरू झाल्या की ही टेम्पोत सामान भरून गावोगाव निघालीच. फुगे, पिपाण्या, खुळखुळे, प्लास्टिकच्या बाहुल्या हे सगळं तिच्या दुकानात असायचं, पण मागच्या बाजूला. पुढे लाल मखमलीच्या तुकड्यावर ओळीने माऊथ ऑर्गन मांडलेले. त्यांच्यावरची धूळ ती दिवसातून इतक्या वेळा पुसायची की मला माझ्या खाज्यावरच्या माश्यांची लाज वाटायची.

हे वेड बापाकडून आलेलं. बाप हसन बोटीवर खलाशी होता. वर्षातले दोन महिने घरी, बाकी सगळं पाण्यावर. कुठल्याशा बंदरात त्याने एक माऊथ ऑर्गन घेतला आणि बोटीवर तोच त्याचा सोबती झाला. घरी आला की पोरीला मांडीवर घेऊन वाजवायचा, आणि कुठल्या बंदरावर कुठलं वाद्य ऐकलं ते सांगायचा. त्यामुळे जहिराला लहानपणापासून दोन खोडी लागल्या. एक म्हणजे नवा माऊथ ऑर्गन दिसला की तो उघडून बघायचाच. आणि दुसरी, कुठलंही वाद्य दिसलं की त्याचं नाव कुठून आलं ते विचारत सुटायचं.

पहिली खोड मी रोज डोळ्यांनी बघायची. तुबा फोनवरून काय काय मागवायची आणि खोकं आलं की जहिरा पुढ्यातलं गिऱ्हाईक सोडून ते फोडायची. बाजारात बांगडा ताजा आहे का ते त्याचे कल्ले उघडून बघावं तशी ती त्याचं वरचं झाकण काढून आतल्या पितळेच्या पत्त्या बघायची. एकात म्हणे भोकांच्या दोन रांगा, खालीवर, दोन्हींचा सूर केसभर वेगळा लावलेला, म्हणून आवाज थरथरतो. एकाच्या कडेला बटण, ते दाबलं की पेटीच्या काळ्या पट्ट्यांतले सूर निघतात. एक तर अंगठ्याएवढा, गळ्यात घालायचा. विकायच्या मालाला ती तोंड लावायची नाही, पण प्रत्येक नव्या जातीतला एक तिचा स्वतःचा. "चाखल्याशिवाय विकूचा कसा?" असं मलाच विचारायची. खाजा विकणारीला हा प्रश्न विचारल्यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या खोडीने मात्र जत्रेतली माणसं पळायची. दशावताराचा मृदंगवाला चहा प्यायला बसला की ही तिथे हजर. "मृदंग मातीचो व्हतो म्हणान मृदंग, होय ना? आता लाकडाचो झालो तरी नाव मातीचांच रवलां." तो बिचारा चहा टाकून उठायचा. तुणतुणं तुणतुण करतं म्हणून तुणतुणं, पेटी पेटीसारखी दिसते म्हणून पेटी, हे तिने एका दमात निकालात काढलेलं. घुमट घुमतं म्हणून घुमट की आकारामुळे, यावर ती स्वतःशीच भांडायची. पण तिच्या खास मर्जीतली नावं वेगळीच. नगारा, ताशा, डफ. ही नावं समुद्रावरून आली, असं बापाने तिला सांगितलं होतं. अरबस्तान, इराण, तिकडून. "वाद्यां बोटीतसून इली, आणि नावां पण थंयसूनच घेवन इली. आता तुमच्या देवळात नगारो वाजता, ताका कोण इचारता खयचो म्हणान?" हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा की जणू ती बोट हिनेच वल्हवत आणली.

खरं किती, खोटं किती, मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसायचं, की सगळ्या वाद्यांची नावं शोधत फिरणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या वाद्याला आमच्याकडे नावच नव्हतं. कोणी बाजा म्हणायचं, कोणी पिपाणी, कोणी नुसतं बोट दाखवून "ता काय ता" म्हणायचं. आणि सगळे मिळून म्हणायचे, खेळणं.

तो शब्द तिला लागायचा. एकदा एका गृहस्थाने पोरासाठी माऊथ ऑर्गन घेतला आणि बायकोला म्हणाला, "घे गो, खेळणाच ता, दोन दिसांनी फेकून दी." जहिराने त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि त्याला फुगा दिला. तो गेल्यावर मी हसत होते, तर हिच्या डोळ्यांत पाणी.

"आनंदी, माझो बाप ह्याच्यार जगलो गो," ती म्हणाली. "बोटीर घरची याद इली काय ह्योच वाजवी. माका येकदाच, येकदाच ह्याका पेटी-मृदंगाच्या पंगतीक बसलेलो बघूचो आसा. मगे खेळणा म्हणा नायतर काय म्हणा."

मी ते मनात धरून ठेवलं. कारण ती पंगत माझ्या माहेरी बसते, आणि तिचा यजमान माझा सख्खा भाऊ.

माझं माहेर नांदगाव स्टेशनपासून आत, काजूच्या बागा संपतात तिथे. मार्गशीर्षात आमच्या देवळात हरिनाम सप्ताह होतो, सात दिवस भजन थांबत नाही. सप्ताह बसायच्या सकाळी भजनाची सगळी वाद्यं सभामंडपात घोंगडीवर मांडतात आणि मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो. एकेक वाद्याचं नाव घेऊन देवाला सांगतो, की बाबा, हे तुझ्या सेवेला आणलंय, याला सांभाळ. ज्याचं नाव घेतलं नाही ते वाद्य सात दिवस उचलायचं नाही, अशी आमच्या गावची रीत. आणि मानकरी म्हणजे आमचा महादूदादा.

त्याची मुलगी संचिता कॉलेजात शिकते. जत्रेत माझ्या दुकानावर मदतीला म्हणून यायची आणि जहिराकडे जाऊन बसायची. खाजा राहिला बाजूला, पोरगी वर्षभरात माऊथ ऑर्गन असा वाजवायला लागली की आमचे भजनीबुवा सुशांत, जे स्वतःच्या पेटीपुढे कोणाला जुमानत नाहीत, ते म्हणाले, "यंदा सप्त्याक हिका घेवया." जहिराने शिकवायला सुरुवात केली तेव्हाच आपल्या खजिन्यातला सगळ्यात नवा, लाकडी फणीचा, म्हणजे आत भोकांची लाकडी पट्टी असलेला बाजा संचिताला देऊन टाकला होता. लाकडाचा आवाज गोड येतो म्हणे.

सगळं जमलं, आणि महादूदादा अडून बसला.

"वाजव चेडवा, माझी ना नाय," तो म्हणाला. "पण देवाक मी सांगू काय? नाव काय ह्याचा?"

"बाबा, माऊथ ऑर्गन," संचिता म्हणाली.

"ता दुकानातला नाव. माझ्या बापाशीन माका गाऱ्हाणा शिकवल्यान तेवा बजावलान, देवाफुढे आपल्या तोंडातलो शब्द घालूचो, दुसऱ्याच्या खोक्यावरचो नाय. नगाऱ्याक नगारो म्हणतंव, पेटयेक पेटी म्हणतंव. ह्याका आमी काय म्हणतंव ता सांग, मी घालतंय गाऱ्हाणा."

आता माझा भाऊ हट्टी आहे हे मला जन्मापासून माहीत. पण तो चुकीचं बोलत नव्हता, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. मी तणतणत परत आले आणि जहिराला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही आता रडेल. तर ही खुशीत उठून बसली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांची उठाठेव केलेली, आता हिच्यावर नाव ठेवायची पाळी आली होती.

मग काय, महिनाभर मला दुसरा विषय नाही. सुशांतबुवांनी 'मुखपेटी' सुचवलं. जहिरा म्हणाली, ऐकायला बरं आहे, पण चार जणांच्या बैठकीत "मुखपेटी दी रे" असं कोण म्हणेल? बुवांनी स्वतःच मोठ्याने म्हणून बघितलं आणि नाव मागे घेतलं. मी 'फुंकणी' म्हटलं. चुलीजवळ असते ती. तर ही माझ्यावर उसळली, "अर्धे सूर फुकून येतत, अर्धे सूर आत ओढून. फुकणी म्हटलंस तर अर्धोच बाजो झालो." संचिताच्या मैत्रिणींनी 'कणीस' काढलं, कारण ते तोंडात धरून कणीस खाल्ल्यासारखं दिसतं. महादूदादाने प्रत्येक नाव ऐकून घेतलं, तोंडात घोळवलं आणि मान हलवली. "असा ठरवन नाव येयत नाय गो," तो मला म्हणाला. "लोकांच्या तोंडात बसाक व्हया."

दिवस संपत आले. जहिराची खुशीही ओसरली. सप्ताहाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दुकानं मांडायला माझ्या माहेरी पोचलो. देवळासमोर सामान उतरवत असतानाच ती मला म्हणाली, "रवांदे गो आनंदी. नाय बसलो पंगतीक तर नाय. चेडवाच्या हातात गेलो, ताच खूप." तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला भावाचा राग आला आणि तिचाही.

इतक्यात घरून संचिता धावत आली. तोंड रडवेलं. बाजा वाजत नव्हता.

घरी जाऊन बघतो तर अंगणात माझी वहिनी, राधावैनी, पितळेची भांडी वाळत घालून उभी. सप्ताह बसायच्या आधी देवळातलं पितळ घासायचा मान आमच्या घराचा. समया, घंटा, तबकं, झांजा सगळं रात्री सोलांच्या कोमट पाण्यात भिजत घालायचं आणि सकाळी राखेने घासायचं. आमसुलाच्या आंबटाने पितळ सोन्यासारखं निघतं. वैनीने बाजाच्या पत्त्या पितळेच्या आहेत, काळवंडल्यात, हे बघितलं आणि तोही रात्रभर त्याच घमेल्यात टाकला. सकाळी काढून राख लावून घासला. आतली लाकडी फणी पाणी पिऊन फुगली. वरून असा लखलखीत की नजर ठरत नव्हती, आणि फुंकला की नुसती फुस्स.

मी वैनीला बोलायला तोंड उघडलंच होतं. पण तिचा चेहरा बघून थांबले. बिचारी कावरीबावरी झाली होती.

"माका काय म्हायत गो ताच्यात लाकूड आसा," ती म्हणाली. "समयो भिजत घातलंय, झांजो घातलंय, म्हटला देवाफुढे जावची ती, जहिरा तरी कशाक काळी ठेवू? ती पण घातलंय."

मी जहिराकडे बघितलं. आता ही भडकणार, असं मला वाटलं. बाजावर पाण्याचा थेंब पडला तरी ही माझ्यावर ओरडायची.

जहिराने वैनीच्या हातातून बाजा घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, "झांजांवांगडा घासलंस?"

"होय गो. चुकलाच माझा."

"येकाच घमेल्यात?"

"होय."

जहिरा अंगणातच बसली आणि हसायला लागली. वैनीला काही कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळायला क्षण लागला. आयुष्यभर ज्या वस्तूला सगळ्यांनी खेळणं म्हटलं, ती या बाईने कोणालाही न विचारता देवाच्या झांजांबरोबर भिजत घातली होती. पोराच्या खेळण्याला कोणी सोलं लावून राखेने घासत नाही.

मग ती कामाला लागली. पदर खोचून तिने बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने झाकणं काढली, पत्त्यांच्या पट्ट्या सोडवल्या, फटींतली राख मोराच्या पिसाच्या काडीने टोकरून काढली. फणी सुपात घालून सावलीत ठेवली, कारण उन्हात लाकूड तडकतं. वैनी दर थोड्या वेळाने येऊन सुपात डोकावून जायची, घरात बाळंतीण असावी तशी. संध्याकाळी फणी सुकली, फुगलेली टोकं जहिराने पॉलिश पेपरने घासून सारखी केली आणि सगळं परत जोडलं. वाजायला लागला. दोन सूर मात्र जरा उतरलेलेच राहिले, ते काही केल्या चढेनात.

"वाजता, पण नाव खंय आसा?" मी म्हटलं. तरी सकाळी संचिताने तो नेऊन घोंगडीवर सगळ्यात कडेला ठेवलाच. बाप काय करायचं ते करो, म्हणाली. आमच्या घराण्याचा हट्ट तिच्यातही उतरलाय.

सभामंडप भरला होता. जहिरा बाहेर, पायरीच्या खाली चाफ्याजवळ उभी होती, आणि मी आत जायचं सोडून तिच्याशेजारी. महादूदादा नवं धोतर नेसून, नारळ हातात धरून देवासमोर उभा राहिला. गाऱ्हाणं घालताना माझा भाऊ वेगळाच माणूस होतो, आवाज थेट पोटातून येतो.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात तुझी लेकरां जमली आसत. सात दीस तुझा नाव घेतली, तां गोड मानून घे."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही पेटी तुझ्याफुढे ठेवली हा. हिचो भातो फुटू नये."

"होय म्हाराजा."

"ह्यो मृदंग. ह्याची पुडी ढिली पडू नये."

"होय म्हाराजा."

"ह्यो झांजो. ह्यांका तडो जाव नये."

"होय म्हाराजा."

"आणि ही..."

दादा थांबला. गाऱ्हाण्यात थांबायचं नसतं. सगळ्यांनी माना वर केल्या. सुशांतबुवांचे ओठ 'मुखपेटी' असे हललेले मला इथून दिसले. जहिराने माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की बांगडी रुतली. दादाने घोंगडीवरच्या त्या लखलखत्या वस्तूकडे बघितलं. त्याच्या घरात ती वस्तू वर्षभर होती. रोज बायको लेकीला ओरडायची, जहिरा उचल थंयसून, जेवाण वाढतंय. लेक विचारायची, आये, माझी जहिरा खंय? जहिराकाकीने दिलेली, म्हणून जहिरा. कोणी ठरवून ठेवलं नव्हतं, बारसं कोणी केलं नव्हतं. आदल्या दिवशी वैनी आमच्यासमोरही तेच म्हणाली, आणि आम्ही दोघी शहाण्या भिजलेल्या लाकडाचा विचार करत बसलो होतो.

"आणि ही जहिरा," महादूदादा म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा होता. "लांबसून दर्यावरसून इलेली आसा. आमची झाली. हिचो दम तुटू नये."

"होय म्हाराजा," अख्खा सभामंडप म्हणाला.

नारळ फुटला. बुवांनी पेटीवर सूर धरला, मृदंगावर थाप पडली आणि संचिताने बाजा ओठांना लावला. ते दोन उतरलेले सूर मधूनच कानाला खटकत होते. एरवी दुसऱ्या दुकानातून बेसूर पिपाणी वाजली तरी कपाळाला आठ्या घालणारी ही बाई, माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मला तर दादाला जाऊन मिठी मारावीशी वाटत होती, पण आमच्यात भावाला मिठी मारत नाहीत, म्हणून मी माझ्या पदराने तिचे डोळे पुसले.

बऱ्याच वेळाने तिने माझा हात सोडला.

"आनंदी," ती हळूच म्हणाली, "आता ह्याका कोण खेळणा म्हणूचो नाय ना गो?"

"होय म्हाराजा," मी म्हटलं.